मुदत सरल्यावर

‘मुदत संपली म्हणून काय झाले? मालक महिन्याची नोटीस देईलच!’ असे पुष्कळ बिऱ्हाडकरू निर्धास्तपणे म्हणतात. मला त्यांची काळजी वाटते. ११ महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारात आपण भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. शब्दांच्या या फरकात सारे घर अडकलेले असते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे २४ वे कलम सांगते : मुदत सरताच राहती जागा सोडावी, न सोडल्यास भरपाई दुप्पट दराने. त्यासाठी वेगळी नोटीस लागत नाही. मात्र मालकालाही सामान परस्पर रस्त्यावर टाकता येत नाही. त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. तेव्हा वाचकहो, दहाव्या महिन्यातच विचारा, ‘पुढे काय?’ होकार मिळाला, तर नवा करार नोंदवून घ्या. नुसत्या तोंडच्या शब्दावर बिऱ्हाड टिकत नाही.