दंड रिक्षावाल्याला, नोटीस केंद्रचालकाला

योग्यता प्रमाणपत्राची मुदत टळली की दिवसाला 50 रुपये जादा शुल्क, असा नियम केंद्र सरकारने डिसेंबर 2016 मध्ये केला. 2024 साली महाराष्ट्रात त्याची वसुली सुरू होताच रिक्षाचालक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे शासनाने ती थांबवली.

आता त्याच प्रमाणपत्राची दुसरी बाजू पाहा. 2021 च्या नियमांनी वाहनतपासणी खासगी स्वयंचलित केंद्रांना खुली केली. अशा केंद्राने न तपासलेल्या ट्रकला प्रमाणपत्र दिले तर? नोटीस, खुलासा, सुनावणी, मग नोंदणीचे निलंबन, त्यावरही अपील. रिक्षावाल्याचा हिशेब मात्र दर सूर्योदयाला आपोआप वाढे.

यंत्र लाच खात नाही, असे खासगीकरणाचे भाट सांगतात. खरे आहे, यंत्राच्या मालकाविषयी ते काही बोलत नाहीत!

सरकारी निरीक्षक धुतल्या तांदळासारखे होते, असे नव्हे. ब्रेकचाचणीसाठी 250 मीटरचा मार्ग हवा, हे मुंबई उच्च न्यायालयाने बजावले होते. तरीही रीतसर चाचणीविना प्रमाणपत्रे वाटली गेली आणि 2018 मध्ये अनेक निरीक्षक निलंबित झाले. दोषींना शासन हवेच. परंतु ते मार्ग वेळेत न बांधणाऱ्या वरिष्ठांचे काय?

केंद्रांवरील प्रत्येक कारवाई नावानिशी जाहीर झाली पाहिजे. खोट्या प्रमाणपत्रावर धावलेल्या वाहनांची फेरतपासणी केंद्राच्याच खर्चाने झाली पाहिजे. आणि वाहन नापास करणाऱ्या तपासनिसाला त्या कारणास्तव कामावरून काढण्याची मुभा मालकाला असता कामा नये.