फेस आला म्हणजे फरशी स्वच्छ निघाली?



तुमच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या साफसफाईसाठी अर्धं पान भरून ‘नैसर्गिक’ उपाय छापलेत, ते वाचून खरं तर मला आनंदच व्हायला हवा. फरशी पॉलिश करून देणं हा माझा धंदा. तो सल्ला घरोघरी अमलात आला, तर पुढची दोन वर्षं मला काम शोधत फिरावं लागणार नाही. तरीही राहवलं नाही म्हणून हे पत्र.

ओट्यापासून मोरीपर्यंत, फरशीपासून देवघरापर्यंत तुमच्या लेखात एकच औषध आहे : लिंबू नाहीतर व्हिनेगर. अहो, पण खाली दगड कुठला आहे ते कोण बघणार? शहाबादी, कडप्पा, कोटा, मार्बल ही नावं आणि गावं निरनिराळी असली तरी सगळा चुन्याचाच दगड. आंबट वस्तू चुना खाते. ती झाडावरून तोडलेली की कारखान्यातून आलेली, हे दगडाला कळत नाही. कडप्प्याच्या ओट्यावर रात्री लिंबाची फोड पालथी राहिली की सकाळी तिथे पांढुरका गोल उमटलेला असतो. लोक तो डाग समजतात आणि घालवायला पुन्हा लिंबूच चोळतात! तो डाग नसतोच. तेवढ्या जागची वरची चकाकी खाल्ली गेलेली असते, आणि ती कुठल्याही साबणाने परत येत नाही. मशीनच लावावं लागतं. जुन्या घरांतल्या मोझाइकचंही तेच, कारण त्यात मार्बलची खडी आणि सिमेंट, दोन्हीही ॲसिडपुढे टिकत नाहीत. व्हिट्रिफाइड टाइल्सना एवढं काही होत नाही, पण त्यांच्या सांध्यांतलं सिमेंट हळूहळू पोखरतंच. खोटं वाटत असेल तर कपाटामागच्या शहाबादीवर लिंबाचा एक थेंब टाका, दहा मिनिटांनी पुसा आणि खिडकीच्या उजेडात तिरकं बघा.

तीच गत लेखातल्या बायोएन्झाइमची. एक भाग गूळ, तीन भाग फळांच्या साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने मुरवायचं. कचऱ्यात जाणाऱ्या साली कामी येतात, हे चांगलंच. पण मुरून तयार होतं ते आंबटच पाणी. संडासाच्या भांड्यात खुशाल ओता, कडप्प्यावर नको. एवढं एक वाक्य छापायला किती जागा लागली असती?

आणि तो सोडा-व्हिनेगरचा फेस! खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फसफसतं, बघायला मजा येते. पण त्या फसफसण्यात दोघं एकमेकांना मारून टाकतात. हाती उरतं ते पाणी आणि त्यात विरघळलेलं एक साधं मीठ. सोडा एकटा वापरला तर ओशटपणा काढतो, व्हिनेगर एकटं नळावरचा क्षार काढतं. एकत्र केल्यावर दोन्ही वाया. वर लेखिकाबाई म्हणतात, हे मिश्रण ‘बाटलीत भरून ठेवावे’. घट्ट झाकणाच्या बाटलीत वायू कोंडला की काय होतं, हे त्यांनी एकदा स्वतः करून बघावं, शक्यतो अंगणात. बाथरूममध्ये आधी ब्लीच टाकलेलं असेल तर त्यावर व्हिनेगर ओतू नये, क्लोरीन वायू सुटतो, याचा तर अख्ख्या लेखात उल्लेख नाही. बंद मोरीत वाकून घासणाऱ्या माणसाच्या जिवाशी गाठ आहे ही.

या सगळ्याला वर नाव काय दिलंय, तर ‘आजीचे उपाय’. आमच्या आजीने जन्मात व्हिनेगर पाहिलं नव्हतं. चिंच तांब्यापितळेला, राख ओशट भांड्यांना, रिठे रेशमी लुगड्याला, असा तिचा हिशोब होता. चिंचेने जमीन घासायची बुद्धी तिला कधी झाली नाही. जमीन शेणाने सारवलेली होती. आणि निसर्गातलं म्हणजे निरुपद्रवी, असंही ती मानत नव्हती. रिठ्याच्या पाण्याने मासे मरतात, हे नदीकाठच्या कुठल्याही पोराला ठाऊक असायचं.

‘नैसर्गिक’ या शब्दाचा धंदा करणाऱ्या कंपन्यांबद्दल तर बोलायलाच नको. बाटलीवर कडुनिंबाचं पान छापलं की किंमत दुप्पट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत : ‘इको-फ्रेंडली’, ‘नॅचरल’, ‘ग्रीन’ असे दावे करायचे तर पुरावा हवा. मी कामाला जातो त्या घरांत सिंकखाली ठेवलेल्या हिरव्या बाटल्या वाचत असतो. पान आहे, फूल आहे, पुरावा मात्र मला कुठे दिसत नाही. तुमच्या त्याच पानाखाली अशाच एका बाटलीची पाव पान जाहिरात होती, हा योगायोगच म्हणायचा.

येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापावी. घराघरांतून माळे रिकामे व्हायला लागलेत. धनत्रयोदशीला छापलीत तर तिचा उपयोग फक्त मला होईल.

– एक फरशी पॉलिशवाला, सातारा