हिशेबाची वही : कपाटात पडून राहिलेला माल



लग्नसराई जवळ आली की आपल्या घरांतून एकच प्रश्न वारंवार ऐकू येतो, 'या वेळी काय नेसायचे?' प्रश्न गौण वाटतो. परंतु बँकेच्या नोकरीत त्याची उत्तरे मी खातेउताऱ्यांवर वाचली आहेत.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नंदुरबारच्या मिरचीच्या व्यापारातील एका सज्जन गृहस्थांचे आमच्या शाखेत कॅश क्रेडिट खाते होते. व्यवहार चोख. वैशाखात त्यांच्या थोरल्या कन्येचा विवाह झाला. नातलगांत उणे दिसू नये म्हणून घरातील प्रत्येकाला प्रत्येक विधीसाठी निराळी वस्त्रे घेतली गेली. माल विकून आलेली रक्कम खात्यात भरावयाची, ती कापडात गेली. माल नाही म्हणजे तारण नाही, आणि तारण नाही म्हणजे उचल नाही. दसऱ्यानंतर ओली लाल मिरची बाजारात येऊ लागली. इतरांच्या पथाऱ्या भरल्या आणि हे गृहस्थ माझ्यासमोर मान खाली घालून बसले. "साहेब, माझा माल यंदा कपाटात पडला आहे," एवढेच ते म्हणाले. नियमाप्रमाणे मला त्यांची मर्यादा वाढवून देता आली नाही. त्यांचा तो हंगाम गेला.

नीटनेटके व काळाला साजेसे दिसावे, ही इच्छा मुळीच गैर नाही. दुकानात बसणाऱ्याने तर व्यवस्थित दिसलेच पाहिजे. प्रश्न आहे तो हिशेबाचा.

दिवाळीपूर्वी आपण दुकानातील मालाची मोजदाद करतो, तशी एकदा कपाटाचीही करावी. दोन वर्षांत अंगाला न लागलेले वस्त्र म्हणजे पडून राहिलेला माल. मग किंमत किती यापेक्षा एका वापराला खर्च किती पडला, हे पाहावे. १२,००० रुपयांचा शालू दोनदाच नेसला तर प्रत्येक वेळचा खर्च ६,००० रुपये. १,८०० रुपयांची सुती साडी तीस वेळा नेसली तर केवळ ६० रुपये. थाटाचा पोशाख एकाच दिवसापुरता हवा असेल, तर तो भाड्याने आणण्यात किंवा जावा-नणंदांनी आपसांत अदलाबदल करण्यात कमीपणा कसला?

आपल्याला रेल्वेने सुरत जवळ आहे, हे आपले भाग्य आणि मोहही. तेथील जॉर्जेट व क्रेप स्वस्त, सुंदर आणि धुण्यास सोपे असते. मात्र कृत्रिम धागा घाम शोषत नाही. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा सुती वस्त्रच सुखाचे. तयार कपडे घेताना कराचाही विचार असावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या एका नगावर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महाग नगावर १८ टक्के. हप्त्यांच्या मोहात तर पडूच नये. क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली की अनेक कार्डांवर महिन्याला ३ टक्क्यांहून अधिक व्याज लागते. साडीची घडी मोडण्याआधीच तिची किंमत वाढलेली असते.

उत्तम दिसण्याचे निम्मे श्रेय शिंप्याचे असते. साधा सदरा खांद्यावर नेमका बसला, इस्त्री कडक असली आणि बुटांना पॉलिश असले की तो भारी दिसतो. जुन्या साडीवर नव्या बेताचा ब्लाउज शिवला की साडी नवी होते. जरीच्या साड्या मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवाव्यात आणि अधूनमधून घडी बदलावी. एकाच रेषेवर जर चिरत नाही.

पारंपरिक पद्धतीत रेशमाचे कोश आतील जिवासह उकळतात, म्हणून आपल्यातील अनेक कुटुंबे रेशीम वर्ज्य मानतात. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोशांपासून अहिंसा रेशीम तयार केले, पण ते महाग पडते. सुती नेसणाऱ्याचा धर्मही राखला जातो आणि पैसाही. श्रावकाच्या चौदा नियमांत वस्त्रांची रोजची मर्यादा ठरविण्याचा नियम आहेच. तो पाळणाऱ्याचे कपाट आपोआप आटोपशीर राहते.

त्या गृहस्थांच्या धाकट्या कन्येच्या विवाहाला मी गेलो होतो. या वेळी कपड्यांची रक्कम आधी ठरली, मग खरेदी झाली. गृहिणीने थोरलीच्या लग्नातलीच साडी नेसली होती, ब्लाउज तेवढा नवा. मंडपात कोणी नाक मुरडल्याचे मला दिसले नाही. त्या वर्षी दसऱ्यानंतर त्यांच्या पथारीवरून गेलो, तेव्हा लाल मिरची दूरपर्यंत वाळत पडली होती. त्यांनी लांबूनच हात जोडले. मान मात्र ताठ होती.