टिकते ते कोणाच्या बळावर?

‘खरे गाणे काळावर मात करते’, हे वाक्य आमच्या मंडळींना फार प्रिय आहे. पाश्चात्त्य रॉक संगीताचा विषय निघाला की ते हमखास कानी पडते. क्वीन, लेड झेपेलिन, ईगल्स यांची गाणी पन्नास वर्षे उलटली तरी जगभर गायिली जातात. पेण-रोह्याकडचा मुलगादेखील गिटार हाती घेतली की त्याच जुन्या गाण्यांवर हात बसवतो. आपली गाणी मात्र एका पिढीत विरून जातात. सबब, आपल्या गाण्यांत मुळी दमच नव्हता! या निवाड्याला आमचा स्पष्ट विरोध आहे.

त्या परक्या गाण्यांशी आमचे वैर नाही. मुळात ती सगळीच परकी आहेत, असेही नाही. ‘बोहेमियन रॅप्सडी’ रचणारा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारोख बलसारा, आपल्याच सह्याद्रीत, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथेच सोबत्यांच्या वाद्यवृंदात पियानो वाजवू लागला. जवळजवळ सहा मिनिटांचे, ध्रुपद नसलेले, मध्येच ऑपेराकडे वळणारे ते गाणे १९७५ साली ब्रिटनमध्ये अग्रस्थानी गेले, ते निःसंशय स्वतःच्या गुणांवर. पण पुढची हकीकत पाहावी. नोव्हेंबर १९९१ मध्ये मर्क्युरीचे निधन झाले आणि ते पुन्हा बाजारात आणले गेले. पुन्हा अग्रस्थानी पोहोचले. १९९२ मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ या विनोदी चित्रपटाने ते अमेरिकेतील नव्या पिढीच्या तोंडी बसवले. २०१८ मध्ये तर गाण्याच्याच नावाचा चित्रपट निघाला. ‘अभिजात रॉक’ ही उपाधीदेखील कोणा विद्वानांनी दिलेली नव्हे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील रेडिओ केंद्रांनी, कमावता झालेला श्रोता जाहिरातदारांसाठी धरून ठेवावा म्हणून ती रूढ केली. मूळ फिती जपणारी कंपनी, हक्क सांभाळणारे वकील आणि दर पिढीला गाणे नव्याने विकणारा व्यापारी, एवढा लवाजमा त्या अमरत्वामागे उभा आहे.

आता पेणचेच नाव लावणाऱ्या एका माणसाकडे वळू. जोसेफ डेव्हिड पेणकर हे बेने इस्राएल समाजातले नाटककार. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ त्यांच्या नाटकावर बेतलेला होता. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये तो लागला, तेव्हा गर्दी आवरण्यास पोलीस बोलवावे लागले. त्यात सात गाणी होती. आज त्या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही, आणि पडद्यावरून ती गाणी जशी ऐकू आली तशी ऐकण्याची सोयही उरलेली नाही. त्या गाण्यांत दम नव्हता, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? ती गेली, कारण कोणी ती सांभाळली नाहीत.

रोह्याला लागूनच अष्टमी. तेथले अष्टमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, ही सारी बेने इस्राएलांची आडनावे. १८८० च्या सुमारास बेंजामिन सॅमसन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत हिंदू कीर्तने ऐकून बायबलमधील कथा मराठी कीर्तनात गुंफण्यास आरंभ केला. १९४८ नंतर समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली, आणि मराठी कीर्तनातली पदे तेथे विशेषतः स्त्रियांनी गात ठेवली. ना कंपनी, ना जाहिरात. वह्या आणि कंठ, एवढेच भांडवल. ॲना शुल्ट्झ या अमेरिकी संगीताभ्यासक बाईंनी त्यांचा अभ्यास केला. इकडच्या आमच्या किती जणांच्या ते गावी आहे?

आणि आम्हां ख्रिस्ती वाचकांना तर हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६ च्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही. ते काव्य वाचले ते हाताने उतरवून घेणाऱ्यांमुळे आणि घरोघरी गाणाऱ्यांमुळे.

तेव्हा ‘दम नव्हता’ म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या घरच्या हिशेबाचे बोलावे. लग्नाच्या मंडपात ध्वनिवर्धकांच्या भिंतीसाठी हजारो रुपये मोजताना त्याच मंडपात बसलेल्या आजीला तिची जुनी गाणी म्हणण्यास कितीदा बोलावले? खिशातल्या फोनवर तिची किती गाणी उतरवून घेतली? पेण-रोह्याच्या पंचक्रोशीत अशा आजी अजून आहेत, पण त्या आता ऐंशीच्या घरात आहेत.