बारा माणसांचा बेल कर्व्ह

मार्च आला की आयटीवाल्यांच्या पोटात गोळा येतो. अप्रेझल! हजारो माणसांच्या कंपनीत काय चालायचं ते चालो, पण माझ्या आधीच्या कंपनीत आम्ही जेमतेम १२ जण, आणि तिथेही बेल कर्व्ह! १० टक्के लोक तळाला टाकायचेच. १२ चे १० टक्के म्हणजे जवळपास सव्वा माणूस. आता तो पाव कुणाचा कापायचा?

मी टीम लीड होतो. कुणीतरी हवाच, म्हणून आमच्या टेस्टरला सगळ्यात खालचं रेटिंग दिलं. त्यानं विचारलं, "माझं नक्की काय चुकलं रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण काही चुकलंच नव्हतं. दोन महिन्यांत तो सोडून गेला. सही माझी होती, हे अजून टोचतं.

हे खूळ गाजवलं जीईच्या जॅक वेल्चनं: वरचे २० टक्के, मधले ७०, खालचे १०. पण त्याच्या हाताखाली लाखो माणसं होती. मायक्रोसॉफ्टनंसुद्धा अशी सक्तीची उतरंड २०१३ मध्ये मोडीत काढली. आणि आपण? मोठ्यांनी टाकलेले कपडे अंगाला होत नसतानाही मिरवतोय!

अहो, १२ जणांत कोण काय करतं हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. चुकलं तर त्याच आठवड्यात सांगा, जमलं तर तेव्हाच पाठ थोपटा. कुणी खरंच काम करत नसेल तर तसं तोंडावर बोला. कर्व्हच्या आड लपू नका.

बघा, पटतंय का.