‘बोलेल हळूहळू’ म्हणत किती थांबायचं?



दोन वर्षांचं पोर ‘आई-बाबा’च्या पुढे सरकत नसलं की घरोघरी ठरलेलं उत्तर मिळतं: ‘अहो, याचे बाबाही उशिराच बोलले.’ आजी वेखंड उगाळून चाटवते, शेजारीण ‘घरात एकच भाषा बोला’ म्हणते. छत्रपती संभाजीनगरात घरात मराठी, गल्लीत हिंदी-उर्दू आणि शाळेत इंग्रजी हे नेहमीचंच. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं मूल मागे पडत नाही. त्याच्याशी कुणी बोलतच नसेल तर पडतं.

वर्षाचं मूल हाकेला वळत नाही, हवं ते बोटानं दाखवत नाही, दोन वर्षं उलटूनही ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नाही, तर आधी त्याचे कान तपासायला हवेत. वाट बघण्यात मोलाचे महिने जातात. माता व बाल संरक्षण कार्डात विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. पण लसीच्या तारखा नीट भरलेल्या आणि ते पान कोरं, अशी कार्डं थोडी नाहीत.

खरं तर या विषयावर मोठं काम सुरू झालं ते याच जिल्ह्यात. एकात्मिक बालविकास योजना, युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांनी २०१८ मध्ये ‘आरंभ’ उपक्रम औरंगाबाद (नाव तेव्हा हेच होतं) आणि यवतमाळ जिल्ह्यांत हाती घेतला. तीन वर्षांखालच्या मुलांशी घरी कसं खेळावं, कसं बोलावं, हे अंगणवाडी सेविका पालकांना दाखवू लागल्या. गावात पालक मेळावे भरले. त्यांत वडील आणि आजी-आजोबांनाही सामील करून घेतलं, हे विशेष.

महागडं त्यात काहीच नाही. मटार सोलत बसलेल्या आईसमोर पोर शेंग उचलून ‘अं?’ करतं. ‘शेंग! हिरवी शेंग. उघडू या?’ असं म्हणून तिनं क्षणभर थांबायचं, त्याला उत्तराची संधी द्यायची. मोबाइल ही संधी देत नाही. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त तासभर, असं भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनाही सांगते.

पण वाळूज औद्योगिक वसाहतीजवळच्या भाड्याच्या खोलीत रात्रपाळी करून आलेला बाप झोपला असेल, तर पोराला गप्प ठेवायला आई मोबाइल देणारच. तिला दोष देणं सोपं आहे. गावाकडची आजी दूर, शेजार दर वर्षी बदलणारा. सिडकोतल्या फ्लॅटमध्ये पैसा जास्त असेल, एकटेपणा तोच.

अंगणवाडी सेविकांच्या माथी आधीच नोंदींचा डोंगर आहे, त्यात नवं ओझं कशाला, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच शहरातली जबाबदारी महापालिकेनं घ्यावी. लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रात पालक थांबलेले असतातच. तिथेच कार्डातलं ते कोरं पान भरून घ्यावं, शंका आलेल्या मुलाची श्रवणचाचणी आणि वाचा-उपचारासाठी चिठ्ठी द्यावी, आणि ते मूल तिथे पोहोचलं का याचा फोनवर पाठपुरावा करावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातला विलंब २०१३ पासूनच समाविष्ट आहे, तेव्हा नवी योजना काढायचीही गरज नाही. पालक मेळावे मात्र वॉर्डावॉर्डात, कारखान्यांच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी भरवावेत, म्हणजे वडिलांनाही येता येईल.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर