मोठा चढाईपटू समोर आला की आधी पाय मागे घ्या



सात रस्त्यावर संध्याकाळी चहाला थांबलात आणि कोणी कबड्डीचा विषय काढला, तर एक वाद ठरलेला असतो. पुणेरी पलटणचा बचाव. एक गट म्हणतो, "साध्या टीमसमोर भारी आहेत ओ, पण समोर मोठा रेडर आला की गळतात." दुसरा म्हणतो, "गळतात तर फायनलला जातात कसे, सांग की!" चहा संपतो, वाद संपत नाही.

मी आज या वादात उतरतोय, कारण हा वाद फक्त खेळाचा नाही. तुमच्या गल्लीत मोठं मार्ट येतं, किंवा एखादं ॲप तुमचाच माल घरपोच स्वस्तात द्यायला लागतं, तेव्हा तुम्हीही बचावातच उभे असता. माझं मत आधीच सांगून टाकतो: "गळतात" म्हणणारा गट चुकीचा आकडा बघतोय. आणि हाच चुकीचा आकडा धंद्यात बघितला तर भांडवल जातं.

आधी रेकॉर्ड बघू

प्रो कबड्डीच्या गेल्या चार हंगामांत पलटण तीनदा अंतिम सामना खेळली. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून २९-३३ अशी हरली. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेती झाली. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली.

आता हे आकडे नीट वाचा. तीन अंतिम सामने, समोर प्रत्येक वेळी तगडा संघ, आणि दिलेले गुण किती? ३३, २५ आणि ३१. हा गळणारा बचाव म्हणायचा का? हरले तेही चार आणि तीन गुणांनी.

टीका करणाऱ्यांचाही एक मुद्दा खरा आहे, तो टाळून चालणार नाही. विजेतेपदाच्या हंगामात पलटणकडे इराणचा मोहम्मदरेझा शाडलोई होता. त्याच्यासाठी लिलावात २ कोटी ३५ लाख मोजले होते. पुढच्या हंगामात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, हरियाणा विजेती झाली, आणि पलटण पहिल्या सहातही आली नाही. म्हणून लोक म्हणतात, "बघा, माणूस गेला आणि बचाव गेला."

पण त्याच हंगामात पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार जखमी होऊन बाहेर बसला होता, हे सोयीस्कर विसरलं जातं. चढाईतून गुण येत नसले की बाद झालेले बचावपटू आत येत नाहीत. मैदानात चारच जण उरले तर जगातला कुठलाही बचाव गळणारच. आणि बाराव्या हंगामात शाडलोईएवढं मोठं नाव न घेता हीच पलटण लीग फेरीत पहिली आली. गौरव खत्री, अबिनेश नादराजन ही नावं किती जणांच्या तोंडी आहेत? काम मात्र त्यांनी केलं.

नुसत्या मोठ्या नावांनी बचाव होत नाही

२०१७ चा पाचवा हंगाम आठवा. गुजरातकडे फझल अत्राचली आणि अबोझर मिघानी, दोन्ही कोपऱ्यांत दोन इराणी भिंती. समोर पाटणा पायरेट्सचा प्रदीप नरवाल. त्या एका हंगामात चढाईचे ३६९ गुण घेतलेला माणूस. २८ ऑक्टोबरला चेन्नईत अंतिम सामना झाला. प्रदीपने १९ गुण घेतले, पाटणा ५५-३८ ने जिंकली. त्या हंगामातला नावाजलेला बचाव आणि ५५ गुण दिले!

आता दुसरी बाजू बघा. २०२५ च्या क्वालिफायर २ मध्ये तेलुगू टायटन्सच्या भरत हुडाने पलटणविरुद्ध २३ गुण घेतले. तेवीस! आपला पहिला गट तिथेच ओरडला असेल, "झालं, गळले." निकाल काय? पलटण ५०-४५ ने जिंकली.

म्हणजे मोठा चढाईपटू गुण घेणारच. तो त्यासाठीच मोठा आहे. प्रश्न असा विचारा की तो गुण घेतो तेव्हा तुमचं किती नुकसान होतं, आणि बाकीच्या वेळात तुम्ही काय कमावता.

बोनस द्या, टच देऊ नका

कबड्डीचा एक नियम धंदेवाल्यांनी पाठ करावा असा आहे. मैदानात सहा किंवा सात बचावपटू असले की चढाईपटूला बोनस रेषेवरून एक गुण घेता येतो. पण या बोनसने त्याच्या संघाचा बाद झालेला खेळाडू परत येत नाही, आणि तुमचाही कोणी बाहेर जात नाही. टच झाला तर तुमचा माणूस बाहेर जातो आणि त्यांचा एक आत येतो. गुण दोन्हीकडे एकच, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

त्याहून वाईट काय? घाईची पकड. चढाईपटू दिसला की तिघांनी झडप घालायची. तो कसाबसा मध्यरेषेला टेकला की तिघेही बाद. मोठा चढाईपटू याचीच वाट बघत असतो. तो पाय पुढे करतो, तुम्हाला चिडवतो, तुम्ही झेपावता आणि संपता.

चांगला बचाव काय करतो? साखळी धरून उभा राहतो, पाय मागे ठेवतो. चढाईला तीस सेकंद असतात, ती जाऊ देतो. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत त्याला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर तो बाद. तेव्हा त्याला आत शिरावं लागतं, आणि तेव्हाच पकड होते. एक पकड म्हणजे एक गुण, पण खरी कमाई वेगळी आहे: तो मोठा माणूस आता बाकावर बसलाय.

आता दुकानात या

समजा तुम्ही टॉवेल विकता. खरेदी ८५, विक्री १००, नफा १५ रुपये. शंभर नग गेले तर १,५०० रुपये. समोरच्या मार्टने ९० चा बोर्ड लावला आणि तुम्हीही लगेच ९० केलात. आता नफा ५ रुपये. तेच १,५०० रुपये कमवायला ३०० नग विकावे लागतील. सात रस्त्यावरून जाणारी माणसं एका रात्रीत तिप्पट होणार आहेत का? नाही ना. ही झाली घाईची पकड. त्याला हा दर महिनाभर परवडतो, कारण तो दुसऱ्या पन्नास वस्तूंवर कमावतो. तुम्ही मात्र घरातलं सोनं गहाण ठेवून त्याच्याशी दर मिळवत बसता. अशी बंद झालेली शटरं आपण सगळ्यांनी बघितली आहेत.

मग करायचं काय?

साखर, तेल, साबण यांचा दर तो पाडणारच. पाडू द्या. तो बोनस आहे. त्याने तुमचा माणूस बाहेर जात नाही.

टच कुठे होतो ते ओळखा. शाळेचा गणवेश घेतल्यावर त्याच दिवशी बाही कमी करून देणारे तुम्ही असाल, तर तो ग्राहक तुमचा कोपरारक्षक आहे. शेंगाचटणी ताजी कुटून, गिऱ्हाईकाच्या तोंडाला झेपेल इतकंच तिखट घालून देत असाल, तर ती तुमची साखळी आहे. लग्नाच्या आहेरासाठी चाळीस चादरी उधारीवर देऊन महिन्याने हिशेब करता, तिथे मार्ट येऊच शकत नाही. या जागा सोडून दराच्या मागे धावलात की टच झालाच.

आणि फक्त मोठ्या नावाकडे बघत बसू नका. २०२५ च्या अंतिम सामन्यात दिल्लीचा कर्णधार आशू मलिक हे मोठं नाव होतं, पण पलटणला जास्त त्रास दिला नीरज नरवाल आणि अजिंक्य पवार यांनी. धंद्यातही तसंच होतं. सगळं लक्ष मार्टवर, आणि गिऱ्हाईक नेतो शेजारच्या बोळातला नवा पोरगा, जो व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतो आणि वेळेवर पोचवतो.

जिथे तुलना थांबते

कबड्डीत चढाईपटूला तीस सेकंदांत परत जावंच लागतं. मार्ट परत जात नाही, ते उद्याही तिथेच असणार. त्यामुळे "थांबा, तो दमेल" एवढ्यावर धंदा चालत नाही. थांबायचं ते फक्त दराच्या बाबतीत. बाकी वेळात स्वतःच्या चढाया चालू पाहिजेत: नवीन गिऱ्हाईक, नवीन माल, जुनी उधारी वसूल. अस्लम बाहेर बसला तेव्हा पलटणचा बचावही उघडा पडला, हे विसरू नका. चढाई थांबली की बचाव एकट्याने तरत नाही.

म्हणून सात रस्त्यावरच्या पहिल्या गटाला माझं सांगणं आहे: त्याने किती गुण घेतले एवढंच मोजू नका. आपले किती जण मैदानात उरले तेही मोजा. २०१७ ला ५५ गुण देऊन हरलेला फझल २०२५ ला दिल्लीकडून खेळत होता, आणि पलटणविरुद्ध शेवटच्या मिनिटातली त्याचीच पकड निर्णायक ठरली. तोच माणूस आठ वर्षांनी मोक्याच्या क्षणापर्यंत मैदानात टिकून होता.

आजचं काम. वही घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात ज्या वस्तू मोठ्या दुकानाला सोडून देता येतील त्या लिहा. दुसऱ्यात ज्या कामासाठी गिऱ्हाईक तुमच्याकडेच येतं ते. तिसऱ्यात गेल्या महिन्यात जोडलेली नवीन गिऱ्हाइकं. तिसरा रकाना रिकामा असेल तर मार्टची चिंता नंतर करा, आधी चढाईला निघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.